चौदा-दोनशे आठ

तिला अजून नाव नाही.
पत्र्याच्या पट्टीवर पेन्सिलीनं एवढंच: चौदा-दोनशे आठ.
चौदा सालच्या पेरणीतलं दोनशे आठवं रोप.
बाकीची चार हजार हिन्नेर्कनं उपटली,
फारशी हळहळ न करता,
जशी आपण वाचून झालेल्या पत्रांची पाकिटं फाडतो.

एल्बेच्या बंधाऱ्याआड, खाऱ्या वाऱ्यात,
कलमांच्या शेडमध्ये बसून
तेल्से ल्यूर्स कॅटलॉगचा मजकूर लिहिते आहे.
छापखान्याला सोमवारी हवा. सात ओळी.

उंची: माझ्या कोपरापर्यंत.
(खोडते.) नव्वद सेंटिमीटर.
देठ सरळ, एका देठाला एकच फूल,
काटे मोजके पण मनात राग धरणारे.
कळी लांब, टोकदार,
बाहेरच्या पाकळीवर तांबूस रेघ,
खुडणाऱ्याचं बोट कापल्यासारखी.
पाकळ्या बत्तीस. एकदा चौतीस भरल्या होत्या,
ते फूल कुणी पाहायच्या आत गारांनी नेलं.

पान जाड, गडद, मेण चोळल्यासारखं.
काळे ठिपके पडत नाहीत.
पडतात. सप्टेंबर सरताना, अगदी खालच्या पानांवर.
तीन वर्षं फवारा मारला नाही, म्हणून ठाऊक.
'सहसा पडत नाहीत', ती लिहिते.
सहसा. या शब्दावर किती रोपवाटिका उभ्या आहेत.

लागोपाठ तीन दिवस पाऊस लागला
तर कळ्या उघडायच्याच राहतात,
ओल्या कागदाचे बोळे होऊन देठावर कुजतात.
हे कुठल्याच कॅटलॉगात कुणी छापत नाही.

रंग.
इथं पेन्सिल थांबते.
पहिल्या दिवशी, कुरणात चरलेल्या कोंबडीच्या
अंड्यातला बलक.
दुसऱ्या दिवशी लोणी.
तिसऱ्या दिवशी जुन्या पत्राचा कागद.

हिन्नेर्कला लाल दिसायचं नाही.
तेल्सेला हे कळायला लग्नानंतर सहा वर्षं गेली.
तोवर लाल ताटव्यात तो चाचपत चाचपत फुलं खुडायचा
आणि तिला वाटायचं, काय हळुवार माणूस आहे.
त्याच्या नजरेत लाल हिरव्यात बुडून मातकट व्हायचं.
पिवळं तेवढं तरायचं,
शेताच्या पार टोकाकडून दिसायचं,
कुणीतरी जागं असलेल्या घरासारखं.

छत्तीस जुलै तो ओणवा राहिला,
रानगुलाबाच्या सालीला चीर देऊन
मातीलगत डोळे भरत,
दिवसाला दोन हजार.
पाठ सरळ व्हायची ती फक्त झोपेत.

आता एल्म्सहॉर्नला लेकीकडे, खिडकीशी बसलेला असतो.
मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशनला नाही म्हणतो.
चादर पिवळी दिसते, दूध पिवळं,
नातीचा शाळेचा पांढरा सदराही पिवळाच.
गेल्या रविवारी तेल्सेनं फूल नेलं
तर त्यानं विचारलं, कुठंय?
हातात दिल्यावर अंगठ्यानं पाकळ्या उलगडल्या,
पंचवीसपर्यंत मोजल्या, मग कंटाळला.

नाव काय ठेवायचं, तिनं विचारलं होतं.
सोनं, सूर्य, मध, पहाट,
सगळी नावं आधीच कुणाकुणाच्या नावावर आहेत.
तो त्याच्या सखल बोलीत म्हणाला, 'गेल'.
म्हणजे पिवळं.
हे काय नाव झालं?
तो म्हणाला, मला तरी एवढंच दिसलं.

वास: मंद,
चहा संपलेल्या डब्याचा.
सकाळी दहाच्या आत. नंतर शोधू नये.

सहा ओळी झाल्या. सातवी नावाची.
भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ,
एल्म्सहॉर्नची गाडी नऊ चाळीसला.
तेल्से कात्री घेऊन उठते,
पाच पानांच्या डहाळीच्या जरा वर,
तिरका काप,
आणि कळी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळते
तोंड उघडं ठेवून.